पोंग्यात दडलेली अळी

बेळगावजवळ मार्कंडेय नदीकाठचं हे शिवार. मृगात पेरलेला मका आता गुडघ्याला लागलाय. बांधावरून बघितलं तर रान हिरवंगार. पण जरा वाका. हे पान बघा, हिरवा गर खरवडून खाल्लाय, उरलाय नुसता पांढरट पापुद्रा. त्याच्याआड बोट धरलं तर दिसतं.

आता पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं, अलगद उघडूया. आत लाकडाच्या भुशासारखी ओलसर विष्ठा, आणि तिच्याखाली ती. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. लष्करी अळी. शेजारच्या रानातले कन्नड बोलणारे काका तिला सैनिक हुळू म्हणतात.

ही मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये आफ्रिकेत आढळली, आणि मे २०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा सापडली ती आपल्याच कर्नाटकात, शिवमोग्ग्याला. हिचा पतंग रात्री उडतो. वाऱ्याची साथ असली तर एका रात्रीत शंभर किलोमीटर. मग बेळगाव कितीसं लांब?

मादी एका वेळी शे-दोनशे अंडी घालते आणि वर स्वतःच्या अंगावरची लव पांघरते. पानावर बुरशी आल्यासारखं वाटतं. हा पुंजका ओळखता आला पाहिजे, कारण तो चिरडला की शे-दोनशे अळ्या एका चिमटीत संपतात. अळी मोठी होऊन पोंग्यात खोल गेली, की वर विष्ठेचं बूचच बसतं. मग भर उन्हात पाठीवर पंप घेऊन फवारणारी माणसं बघून जीव तुटतो. पैसा जातो, विष अंगावर येतं, अळी आत तशीच. औषध मारायचंच तर ती लहान असताना, उन्हं कलल्यावर, नेमकं पोंग्यात.

हे रान ज्यांचं, त्या घरातल्या सासू-सुना चहाच्या आधीच इथं येतात. पाटीत नऊ वाटे बारीक वाळू, एक वाटा चुना. अळी दिसेल त्या पोंग्यात चिमूटभर सोडायची.

“आत्ती, हितं एक गावली.”

“बाजूची ताटं बी बघ गे.”

सासूबाईंचं बरोबर आहे. अंड्यातून निघालेल्या बारीक अळ्या धाग्याला लोंबकळत वाऱ्यानं मक्याच्या शेजारच्या ताटांवर जातात. सून दोन पावलं मागे येते, पुन्हा वाकते.

ऊन चढेपर्यंत नऊ ओळी झाल्या. उरलेल्या उद्या पहाटे.