आईचं कार्ड

(दृश्य: दिंडोरी तालुका, जानेवारी. द्राक्षबाग. घडांना कागद गुंडाळणारे हात. बागेच्या कडेला पत्र्याची शेड.)

सकाळचे साडेआठ. गारठा अजून गेलेला नाही, पण बागेत कामाला कधीच सुरुवात झालीय. मण्यांचा रंग बिघडू नये म्हणून घडांना कागद लावायचे असतात आणि त्या कामाला पेठ-सुरगाण्याकडची माणसं लागतात. दिवाळी झाली की घरंच्या घरं घाट ओलांडून इकडे येतात. सोबत पातेली, गोधड्या, कोंबड्या आणि तान्ही पोरं.

शेडच्या दाराशी साडीची झोळी बांधलीय. झोळीत सव्वा महिन्याची मुलगी झोपलीय. बाळंतिणीनं घराबाहेर पडू नये असा जो सव्वा महिना आपल्याकडे सांगतात, तो नुकताच सरलाय आणि आई कामावर आहे. आशाताई आल्याचं कळल्यावर ती हात पुसत येते, पेटीतून एक कॅरीबॅग काढते. आत तीन घड्या घातलेलं माता-बाल संरक्षण कार्ड.

(दृश्य: कार्ड, जवळून. घडीवर फाटलेला कागद, चिकटपट्टी.)

एकाच कार्डात दोघींचा हिशेब. काही पानं आईची: वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन. काही बाळाची. आशाताई पान उलटतात आणि त्यांचं बोट एका जागी थांबतं. जन्मल्याबरोबर द्यायच्या लसी तीन. बीसीजीपुढे तारीख आहे, पोलिओच्या थेंबांपुढे तारीख आहे. हिपॅटायटिस बीपुढे काहीच नाही.

हा रकाना कोरा का चालत नाही, त्यामागे बरंच संशोधन उभं आहे.

बी प्रकारच्या काविळीचा विषाणू धडधाकट मोठ्या माणसाच्या अंगात शिरला, तर बहुतेक वेळा शरीर त्याला हाकलून लावतं. १०० जणांत ५ जणांच्याही अंगात तो कायमचा मुक्काम करत नाही. पण बाळंतपणात आईकडून बाळाकडे गेला, तर १०० बाळांमधल्या जवळपास ९० जणांच्या यकृतात तो घर करतो. बाळाचं शरीर त्याला परका समजतच नाही. मूल हसतं, रांगतं, शाळेत जातं, कुठं काही दिसत नाही. दिसतं ते तिशी-चाळिशीत, यकृत निकामी व्हायला लागल्यावर किंवा तिथं कर्करोग झाल्यावर. तेव्हा डॉक्टर विचारतात, दारू पिता का?

या विषाणूची खूण बारूक ब्लमबर्ग यांना १९६५च्या सुमारास सापडली आणि त्यासाठी १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. पण हा विषाणू आईकडून बाळाकडे कसा जातो, हे पामर बीस्ली यांनी १९७०च्या दशकात तैवानमध्ये दाखवलं. पद्धत साधी होती आणि चिवट: आईचं रक्त तपासायचं, बाळाचं तपासायचं, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. १९८४ साली तैवाननं नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. पुढे तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग कमी झाला. भारतात ही लस २०११पर्यंत देशभरच्या लसीकरणात आली.

जन्माची मात्रा २४ तासांच्या आत द्यायची असते. विषाणू आधीच आत शिरलेला असू शकतो, लस त्याच्या मागून पळते. उशीर झाला की ती हरते.

(दृश्य: उपकेंद्र. लसीच्या बाटलीवरचं जांभळं वर्तुळ, आत फिकट चौकोन. सिस्टर बाटली उजेडात धरून बघतात.)

आईला विचारा, असं आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकवतात. हे शिकायलाही एक साथ यावी लागली. १९४०मध्ये ऑस्ट्रेलियात रुबेलाची साथ आली होती. अंगावर पुरळ, दोन दिवस बारीक ताप, संपलं. पुढच्या वर्षी सिडनीतले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं येऊ लागली, एकामागून एक. असं सांगतात की बाहेर बसलेल्या आयांची आपसातली बोलणी त्यांच्या कानावर पडली: तुलाही दिवस गेले तेव्हा पुरळ आलं होतं का? ग्रेग यांनी ७८ बाळांची माहिती जमवली. त्यातल्या ६८ जणांच्या आयांना गरोदरपणात रुबेला होऊन गेला होता. वार (प्लॅसेंटा) हा अभेद्य पडदा आहे, अशी त्या काळच्या डॉक्टरांची समजूत होती. ती बायकांच्या गप्पांनी मोडली.

(दृश्य: आषाढ. पेठ तालुका. पावसात भाताची आवणी, गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका. पाय, जवळून.)

आता सहा महिने मागे जाऊ. हीच आई तेव्हा चौथ्या महिन्यात आहे आणि आवणीला उभी आहे. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पायात काही नाही. चिखलात चप्पल कुठली टिकणार?

बोटांच्या बेचक्यात खाज सुटली की बाई म्हणते, चिखल्या झाल्या. तेल-हळद लावते आणि पुन्हा पाणी तुडवते. बहुतेकदा त्या चिखल्याच असतात. कधी कधी मात्र त्याच जागेतून अंकुशकृमीची, म्हणजे हुकवर्मची अळी आत शिरलेली असते. उघड्यावरच्या शौचातून अंडी मातीत पडतात, ओल आणि ऊब मिळाली की आठवडाभरात अळी तयार होते आणि अनवाणी पायाची वाट बघते. तिथून रक्तातून फुप्फुसात, फुप्फुसातून घशात, घशातून पोटात. आतड्याला चावा घेऊन ती वर्षानुवर्षं लटकून राहते.

हा प्रवास उलगडला तो एका अपघातानं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरोमध्ये कृमितज्ज्ञ आर्थर लूस यांच्या हातावर अळ्यांचं पाणी सांडलं. हात लाल झाला, खाजला. दुसऱ्या कुणी धुऊन विषय संपवला असता. लूस आपलीच विष्ठा तपासत बसले आणि काही आठवड्यांनी त्यांना तिच्यात अंडी दिसली.

एक कृमी दिवसाला साधारण ०.०३ मिलीलीटर रक्त खर्ची घालते. दुसऱ्या जातीची त्याच्या पाचपट. शंभर कृमी धरा: दिवसाला ३ मिली, महिन्याला ९०. म्हणजे दर महिन्याला एक कटिंगचा ग्लास भरून रक्त, आणि तेही पोटात बाळ वाढत असताना. कार्डावर हिमोग्लोबिनचा आकडा खाली घसरलेला दिसतो, त्यामागे हे एक कारण असू शकतं. म्हणून लोहाच्या लाल गोळ्या १८० दिवस द्यायच्या असतात आणि तीन महिने उलटल्यावर जंताची एक गोळी, अल्बेंडाझोल, ४०० मिलीग्रॅम.

इथवर गोष्ट सरळ आहे. पुढची नाही, आणि मला तीच जास्त आवडते.

आईच्या पोटातले जंत तिची प्रतिकारशक्ती थोडी मंद करतात. मग बाळाच्या लसींवरही त्याचा परिणाम होत असेल का? गरोदरपणातच जंत काढले तर बाळाला लसी अधिक लागू पडतील? युगांडात एंटेबे इथं २००३ ते २००५ या काळात २,५०७ गरोदर बायकांना या अभ्यासात घेतलं. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी नुसती गोळी. मग त्यांच्या बाळांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. लसींच्या परिणामात फरक पडला नाही. जन्मवजनातही नाही. पडला तो भलतीकडेच: अल्बेंडाझोल घेतलेल्या आयांच्या बाळांना इसब जास्त झालं. जंतांच्या सहवासाचा बाळाच्या त्वचेशी काहीतरी संबंध असावा. अपेक्षा खोटी ठरल्यावरही जे दिसलं ते छापणारे लोक होते, एवढं पुरे.

(दृश्य: पुणे, ससून रुग्णालयाचा परिसर. गर्दी.)

नाशिकपासून २१० किलोमीटरवर, पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात, एचआयव्ही असलेल्या आया आणि त्यांची अंगावर पिणारी बाळं यांच्यावर अभ्यास झाला. दूध तोडावं, तर वरच्या दुधानं आणि पाण्यानं जुलाब होऊन मूल दगावण्याची भीती. पाजावं, तर दुधातून विषाणू. म्हणून बाळाला नेविरापिन हे एचआयव्हीवरचं औषध एकदाच न देता ६ आठवडे रोज दिलं. इथिओपिया आणि युगांडातही हेच चाललं होतं. एकत्र निष्कर्ष २००८ साली आले: ६ आठवड्यांपर्यंतची लागण जवळपास निम्म्यावर आली, ६ महिन्यांपर्यंत मात्र तो फरक बराचसा विरला. नुसतं बाळाला औषध देऊन भागणार नव्हतं. २०१४पासून भारतात गरोदर आईलाच आयुष्यभराचे उपचार सुरू करतात. उत्तर पुन्हा तिच्याच पानावर निघालं.

(दृश्य: मालेगाव. अरुंद गल्ली, यंत्रमागांचा आवाज.)

नोव्हेंबर २०२२मध्ये मालेगावात गोवर पसरला. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, कारण तोवर आईनं वारेतून बांधून दिलेली प्रतिपिंडांची शिदोरी बाळाला पुरते आणि लसीच्या आडही येते. पण ज्या आईला स्वतःला गोवर न होता फक्त लस मिळालीय, तिची शिदोरी मुळात लहान असते, लवकर संपते. म्हणून त्या साथीत, जिथं ९ महिन्यांखालची बाळं जास्त सापडत होती, तिथं ६ महिन्यांपासूनच जादा मात्रा द्यायचं ठरलं.

(दृश्य: पुन्हा द्राक्षबाग. झोळीतली मुलगी जागी झालीय.)

आशाताई अजून त्या रकान्यापाशीच आहेत.

“अगं, जन्मली तेव्हा सुया किती दिल्या?”

“दोन.”

“कुठं कुठं?”

आई आधी बाळाचा डावा दंड धरते. मग तिची डावी मांडी. “इथं. लय रडली.”

दंडावर बीसीजी. मांडीवरची हिपॅटायटिस बीची असू शकते, पण जन्मल्यावर व्हिटॅमिन केची सुईही मांडीतच देतात. म्हणून आशाताई फोन लावतात. मुलगी जन्मली त्या, ८०-९० किलोमीटरवरच्या दवाखान्यात रिंग जाते, मग तुटते. परत लावतात. रेंज नाही.

त्या पेनाला टोपण घालतात. पिशवीच्या तळातून पेन्सिल शोधून काढतात आणि कोऱ्या चौकोनात जन्मतारीख लिहितात, बारीक अक्षरात.

“तेरा तारखेला दीड महिना होईल. पुढची सुई इथंच, आपल्या उपकेंद्रात. तेव्हा तरी बाग बदलू नको.”

“मुकादमाला विचारते,” आई म्हणते, आणि कार्डाच्या तीन घड्या घालते.