मिलानला गायली, लंडनला गायली, पण घरच्या गावात…

[समोर टेबलावर जुनी एलपी रेकॉर्ड. कॅमेरा जवळ.]

नमस्कार मंडळी! आज गोष्ट एका किल्लीची. साल १९६२, गाव अमेरिकेतलं अटलांटा. म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये मैफल चालू आहे आणि शहराचे महापौर आयव्हन ॲलन ज्युनियर स्टेजवर येऊन गायिकेच्या हातात शहराची किल्ली ठेवतात. मानाची किल्ली हो, कुठलं कुलूप उघडत नाही तिनं.

गायिका याच गावात जन्मलेली. मिलान, लंडन, न्यूयॉर्क सगळीकडे गाऊन झालेलं. आणि आपल्या गावातल्या या मोठ्या सभागृहात मात्र पहिल्यांदाच. कारण इतकी वर्षं तिथे गोरे एकीकडे, काळे दुसरीकडे असं बसवत, आणि असल्या प्रेक्षकांसमोर मी गाणार नाही, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

नाव मॅटिविल्डा डॉब्स. ऑपेरा गायिका; ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटक. आजीचं नाव मॅटी विल्डा, ते जोडून एक केलं. मी तिला ‘ती’च म्हणणार आहे, आपण लताला म्हणतो तसं.

[स्क्रीनवर: मॅटिविल्डा डॉब्स, १९२५–२०१५]

आधी तिच्या वडिलांना भेटू, कारण निम्मी गोष्ट त्यांचीच आहे. जॉन वेस्ली डॉब्स. नोकरी रेल्वे टपालातली. आपल्याकडे पूर्वी आरएमएसची, म्हणजे रेल्वे टपाल सेवेची, माणसं करत ना, तशीच: धावत्या गाडीत उभं राहून पत्रं लावायची. पण गावात या माणसाचा शब्द चाले. कृष्णवर्णीयांची नावं मतदार यादीत यावीत म्हणून त्यांनी आयुष्यभर खटपट केली. ज्या ऑबर्न ॲव्हेन्यूवर मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर जन्मले, त्या रस्त्याला ‘स्वीट ऑबर्न’ हे नाव डॉब्स यांनीच पाडलं. त्यांना सहा मुली. सहाही पदवीधर, सहाही स्पेलमन कॉलेजच्या, म्हणजे अटलांटातल्या कृष्णवर्णीय मुलींच्या कॉलेजच्या. घरात पियानो सगळ्यांना सक्तीचा. आणि एक नियम होता: वेगळं बसवणाऱ्या नाटक-सिनेमाला जायचं नाही. म्हणजे पुढे जाऊन मॅटिविल्डा जे करणार होती, ते तिनं घरातच पाहिलेलं होतं. फक्त वडील तिकीट घ्यायला नाही म्हणत होते, ती गायला नाही म्हणाली.

ही पाचवी मुलगी. लाजाळू. स्पेलमनमधून १९४६ साली वर्गात पहिली आली, मग न्यूयॉर्क. तिथे लोटे लिओनार्ड या जर्मन गायिकेकडे शिकली. बाई स्वतः ज्यू, नाझींमुळे देश सोडून आलेल्या. आणि गंमत बघा, या काळात मॅटिविल्डानं कोलंबिया विद्यापीठात स्पॅनिशची एमएसुद्धा करून ठेवली. गाण्यावर पोट भरेल असा भरवसा नव्हता, शिक्षिकेची नोकरी हाताशी असावी म्हणून. हे मराठी घरांना वेगळं समजावून सांगायला नको!

मग शिष्यवृत्तीवर पॅरिस, पिएर बेर्नाक या फ्रेंच गायकाकडे तालीम. १९५१ साली जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि युरोपची दारं उघडली.

[बाजूला सरकून, हातानं दाखवत]

थांबा. आवाज कसला होता, ते सांगायला हवं. सोप्रानो म्हणजे बायकांचा सर्वात उंच पट्टीतला आवाज. त्यातही तिचा कोलोरातुरा प्रकारचा: हलका, चपळ. द्रुत तान आठवा, दाणेदार, एकेक सूर सुटा ऐकू येणारी. फरक काय, तर आपल्याकडे तान गायकाच्या मनात उगवते, इथे बहुतेक सूर आधीच कागदावर लिहिलेले. आणि माइक नाही. समोर अख्खा वाद्यवृंद वाजतोय, त्याच्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा. रिचर्ड श्ट्राउसच्या एका ऑपेरात झर्बिनेटा नावाचं पात्र आहे. तिचं एकच गाणं दहा मिनिटांच्या वर चालतं आणि त्या वेळात सोप्रानोच्या गळ्याची सगळी परीक्षा होते. हे मॅटिविल्डा १९५३ साली इंग्लंडमध्ये ग्लाइंडबर्नच्या ऑपेरा महोत्सवात गायली.

त्याच वर्षी, त्याच्या आधी, मिलानचं ला स्काला. रोसिनीच्या ‘लितालियाना इन अल्जेरी’ या ऑपेरात एल्विराची भूमिका. ऑपेराच्या या पंढरीत उभी राहिलेली ती पहिली कृष्णवर्णीय गायिका. वय सत्तावीस. लगेच पुढच्या वर्षी लंडनचं ऑपेरागृह, कॉव्हेंट गार्डन.

लंडनची एक संध्याकाळ मात्र मला घाईनं सांगून टाकता येत नाही. जून १९५४. स्वीडनचे राजे आलेत, राणी एलिझाबेथ बसली आहे, खास प्रयोग आहे. काही दिवसांपूर्वीच मॅटिविल्डाचा नवरा गेला होता. स्पॅनिश लेखक लुईस रोद्रीगेझ, यकृताच्या आजारानं. लग्नाला जेमतेम सव्वा वर्ष. ती स्टेजवर गेली आणि रिम्स्की-कोर्साकोवच्या ऑपेरातली राणी, रुबाबात राजाला भुलवणारी राणी, गायली. याला धैर्य म्हणायचं की सवय, मला ठरवता येत नाही. स्वीडनच्या राजांनी नंतर तिला मानाचं पदक दिलं.

आता न्यूयॉर्क. मेट्रोपॉलिटन ऑपेरा, ‘मेट’. जानेवारी १९५५ मध्ये मारियन अँडरसन तिथे एकल भूमिका गाणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार ठरली. त्याच महिन्यात रॉबर्ट मॅकफेरिन. पण भूमिका काय होत्या? मारियनला भविष्य सांगणारी बाई, मॅकफेरिनला इथिओपियाचा राजा. प्रेक्षक दचकणार नाहीत अशा. ९ नोव्हेंबर १९५६ ला मॅटिविल्डा आली ती ‘रिगोलेतो’ या ऑपेरातली जिल्दा म्हणून. जिल्दा ही नायिका! ड्यूक तिच्यावर प्रेमाचं जाळं टाकतो, ती जीव ओवाळून टाकते. मेटच्या रंगमंचावर प्रेमिकेच्या भूमिकेत कृष्णवर्णीय स्त्री, हे त्या दिवसापर्यंत झालं नव्हतं.

तारखेकडे लक्ष द्या. त्या दिवशी अलाबामातल्या माँटगोमरीत कृष्णवर्णीयांचा बसवरचा बहिष्कार अजून चालूच होता. बसमधल्या भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १३ नोव्हेंबरला, चार दिवसांनी. म्हणजे इकडे न्यूयॉर्कमध्ये ड्यूक तिच्यासमोर प्रेमाची गाणी म्हणतोय, आणि तिकडे बसमध्ये तिला पुढच्या बाकावर बसायची मुभा नाही.

मेटमध्ये ती आठ हंगाम राहिली. प्रयोग किती? एकोणतीस. आठ हंगामांत एकोणतीस! माझं मत विचाराल तर, दार उघडलं होतं पण फटीपुरतंच.

तिनं घर केलं स्वीडनमध्ये. १९५७ साली बेंग्ट यान्झोन या स्वीडिश पत्रकाराशी लग्न केलं. तो गोरा. जॉर्जियात, तिच्या जन्मराज्यात, असं लग्न कायद्याला मान्यच नव्हतं, १९६७ पर्यंत. त्यामुळे ‘युरोप तिला का आवडला’ असं कोणी विचारलं की मला जरा हसू येतं.

आणि तरी ती अटलांटाला येत राहिली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये, कॉलेजांमध्ये गायली. मोठ्या सभागृहाला तेवढा नकार. त्यासाठी काही भाषणबिषण नाही, मोर्चा नाही. नुसतं नाही जायचं.

वडील ३० ऑगस्ट १९६१ ला वारले. नेमक्या त्याच दिवशी अटलांटाच्या शाळांमध्ये काळी-गोरी मुलं पहिल्यांदा एकत्र बसली. पुढच्या वर्षी ती मैफल झाली, ती किल्ली मिळाली. बघायला ते नव्हते.

[थोडा वेळ शांत]

पुढे तिनं टेक्सास आणि हॉवर्ड विद्यापीठांत शिकवलं. थोरल्या बहिणीचा, आयरीनचा, मुलगा मेनार्ड जॅक्सन अटलांटाचा पहिला कृष्णवर्णीय महापौर झाला. जानेवारी १९७४ मध्ये त्यानं शपथ घेतली तेव्हा गायला मावशीच होती. किल्ली देणाऱ्या खुर्चीवर भाचा, असं झालं.

आता ही रेकॉर्ड. [कव्हर वर धरून] तिच्या फार थोड्या रेकॉर्ड निघाल्या, तिचं नाव मागे पडण्याचं एक कारण हेच असणार. ही बिझेच्या ‘मोतीवेचे’ या ऑपेराची, पॅरिसची. कथानक ऐकाल तर करमणूक होईल: ठिकाण सिलोन, नायिका पुजारीण, तिचं नाव लैला, आणि ती आळवते ब्रह्मदेवाला! एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच माणसाला पूर्व म्हणजे सगळं एकच वाटायचं. तिकडे दुर्लक्ष करा. पहिल्या अंकाच्या शेवटी लैलाची प्रार्थना आहे, तिथे ती वरच्या सुरांवर किती अलगद पाय ठेवते तेवढं ऐका. हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर नको.