वीस नंबरचं बोट

हा जो घर्रर्र आवाज येतोय ना तो मिक्सर नाहीये. खालच्या मजल्यावरच्या काकूंना पण पहिले दोन दिवस तेच वाटलेलं, की यांच्याकडे रोज एवढी कसली चटणी वाटतायत. भांडुपमधला आमचा वन बीएचके, त्याची ही एवढीशी बाल्कनी, आणि तुळशीच्या कुंडीला खेटून हे चाळीसेक किलोचं मिनी लेथ, म्हणजे धातूची दांडी गोल फिरवून कापायचं मशीन. दुपारी दोन ते चार बंद ठेवायचं एवढीच बिल्डिंगवाल्यांची अट, बाकी कुणाची काही तक्रार नाही.

मशीन पप्पांचं. मुलुंडच्या आयटीआयमधून टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे कारागीर, झाले आणि मग ३१ वर्षं एलबीएस रोडवरच्या कारखान्यांत लेथवर उभे, एक बंद पडला की दुसरा. त्या रस्त्याला आता टॉवर आणि मॉल आहेत. रिटायर झाल्यावर लोक चारधामला जातात, यांनी पीएफच्या पैशातून लेथ आणलं. मम्मीचं यावर काय म्हणणं आहे ते व्हिडिओत ठेवलेलं नाही.

स्विचच्या बाजूला तो खिळा दिसतोय? त्यावर पप्पांचं घड्याळ. मशीन चालू करायच्या आधी घड्याळ, बांगडी, हातातला धागा, ओढणी, सगळं काढायचं, केस बांधायचे, आणि हातमोजे तर अजिबात नाही, कारण फिरत्या चकमध्ये, म्हणजे दांडी पकडणाऱ्या जबड्यात, मोजा अडकला की हात आत ओढला जातो. अंगठीचं तर बोलायलाच नको, अंगठी अडकली की नुसती अंगठी जात नाही, बोट सोबत जातं. म्हणून पप्पांच्या साखरपुड्याची अंगठी कपाटातच राहिली, लग्नकार्यापुरती निघायची, आणि आता तर ती निघूनही उपयोग नाही, सांध्यावरून पुढे सरकतच नाही. इतकी वर्षं हँडलं फिरवून बोटं जाड झालीत.

तर माझा साखरपुडा ठरला आणि मी म्हटलं की होणाऱ्या नवऱ्याची अंगठी मी करणार, या मशीनवर, टायटॅनियमची. मम्मी म्हणाली, लोखंडाची अंगठी साडेसातीला घालतात गं, साखरपुड्याला नाही. लोखंड नाही म्हणून तासभर समजावलं. सोन्याची का नाही करत, हा प्रश्न मात्र बरोबर होता. लेथवर अंगठी म्हणजे भरीव दांडी घ्यायची आणि नको ते कापून टाकायचं. २५ मिमीच्या दांडीतून सहा मिमी रुंदीचं साधं वळं काढलं तर चारातला एक भाग हातात राहतो, तीन भाग चिप्स, म्हणजे धातूचा कीस, होऊन खाली पडतात. याच मापाचं वळं २२ कॅरेटमध्ये तोळ्याच्या वर जातं, म्हणजे चार तोळ्यांहून जास्त सोनं मशीनला लावा आणि तीन तोळे तुळशीच्या मातीतून वेचा. झवेरी बाजारात घमेलावाले गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढतात, आमच्या बाल्कनीत तेवढी सोय नाही. टायटॅनियमचं तेच वळं जेमतेम तीन ग्रॅमचं होतं.

दांडीचा तुकडा गुलालवाडीच्या मेटल मार्केटमधून आणला आणि धातू कापायचं टूल नागदेवी स्ट्रीटवरून. मस्जिद स्टेशनला उतरायचं, हातगाड्या चुकवत चालायचं. पप्पा तिथे दुकानात शिरले की मामाच्या गावाला आल्यासारखे वागतात, चहा येतो, मी दोन तास स्टूलावर.

आता खरी भानगड. माप.

सोनारांकडे आपल्याकडे जो नंबर चालतो त्याचा हिशोब सोपा आहे, आतला घेर मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि त्यातून ४० वजा करायचे. त्याचा नंबर २० आला, म्हणजे घेर ६० मिमी, म्हणजे आतला व्यास १९.१. मी वहीत लिहून पप्पांना दिलं. त्यांनी विचारलं, कधी मोजलंस? मी म्हटलं, रविवारी सकाळी. मग म्हणाले संध्याकाळी मोज, जेवल्यावर मोज, आणि तो ट्रेनमधून घामाघूम होऊन उतरेल तेव्हा मोज. बोट म्हणजे जॉब नाही बाळा, बोट फुगतं. जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा.

आणि खरंच, सकाळी १९ नंबर, रात्री पावणेएकवीस. एका नंबरचा फरक व्यासात जेमतेम ०.३२ मिमी, पप्पांच्या भाषेत साडेबारा थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, त्यांच्या पिढीचे टर्नर अजून सूत आणि थाऊमध्येच बोलतात. मशीनवर एक थाऊ पकडता येतो, पण ज्या बोटासाठी पकडायचा ते बोटच दिवसभरात वीस थाऊ इकडचं तिकडे. त्यात पट्टी रुंद असली की तेवढ्याच मापात जास्त आवळते. आणि सोन्यासारखं टायटॅनियम नंतर सोनाराकडे नेऊन वाढवून घेता येत नाही, जे भोक पडलं ते पडलं.

मग पप्पांनी पितळेची तीन वळी काढून दिली, १९, २० आणि २१. एकेक दिवस एकेक घालायची, ऑफिसला, जिमला, झोपताना. त्याने बिचाऱ्याने घातली. पितळेत तांबं असतं आणि मुंबईचा घाम तुम्हाला माहितीच आहे, तिसऱ्या दिवशी बोट हिरवंगार, मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं म्हणे की इन्फेक्शन आहे का. निकाल असा लागला की वीसच, पण कडा आतून गोलाकार करायच्या, म्हणजे सांध्यावरून सरकताना चावत नाहीत.

टायटॅनियमचा त्रास असा की त्यात उष्णता पसरत नाही, कापताना जी तयार होते ती सगळी टूलच्या टोकावर बसते. म्हणून स्पीड कमी, हायस्पीड स्टीलच्या साध्या टूलला २५ च्या दांडीवर अडीचशे आरपीएम बस, आणि टूल एकदा लावलं की कापत राहायचं. नुसतं टेकवून घासत राहिलात की तो जॉब कडक होतो आणि टूलची धार जाते. मी तेच केलं. आधी सेंटर मारून ड्रिल, मग मोठं ड्रिल, इथपर्यंत मस्त, पण बोरिंगला, म्हणजे भोक आतून मापापर्यंत मोठं करायला, घाबरून हँडल हळूहळू फिरवायला लागले, टूलचं टोक गेलं, टूल धरणारा बार वाकून ढकलायला लागला, आणि भोक एका बाजूला १९.१, दुसऱ्या बाजूला १८.९. ते सरळ करता करता २२ नंबर होऊन बसलं. पप्पांनी प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचा दट्ट्या, घातला, तो आत खुळखुळला. गेला जॉब, म्हणाले, चहा ठेव. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

ही लाल बादली पाणी भरायची नाहीये, यात कोरडी वाळू आहे. टायटॅनियमच्या बारीक चिप्स पेटू शकतात आणि पेटल्या तर पाणी टाकायचं नसतं, आग वाढते. अजून गरज पडली नाही पण दर अर्ध्या तासाने ट्रे साफ करायचा हा नियम पक्का.

दुसऱ्या वेळी पप्पा मागे उभे राहिले, बोलले काहीच नाहीत, आवाज किरकिरला की फक्त खाकरायचे, मग मी हँडलला जोर द्यायचे. असं करत करत भोक झालं. बाहेरून दोन कट, कडा मारल्या. पार्टिंग टूलने दांडीपासून अंगठी कापून काढायचं धाडस या छोट्या मशीनवर नको म्हणून सरळ हॅक्सॉ घेतला, पाऊण तास आणि दोन ब्लेड. मग उलटी बाजू फेसिंग, म्हणजे सपाट करून घेतली, आणि पॉलिश पेपर ४०० पासून २००० पर्यंत, आतल्या बाजूला पेपर लाकडाच्या काडीला गुंडाळून, कारण फिरत्या भोकात बोट घालणारा टर्नर एकदाच घालतो.

साखरपुड्याला गुरुजींनी हातात घेऊन विचारलं, चांदी का? मम्मीच पुढे होऊन म्हणाली, टायटॅनियम, विमानात वापरतात. हीच ती साडेसातीवाली. अंगठी सांध्यावर जराशी अडली, मग बसली, दुपारचे साडेबारा होते आणि हॉलचा एसी नावालाच होता. मला त्याच्या आईने सोन्याची दिली, नाजूक, बरोबर मापाची.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी बाल्कनीत गेले, दांडीचा उरलेला तुकडा चकमध्ये लावला, चावी फिरवली, स्विचकडे हात नेला.

"अंगठी काढ आधी."

पप्पा आत पेपर वाचत होते, मान वर केलेली नव्हती. खिळ्यावर आता त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्यात अडकवून ठेवते.