चोक ओढा, मग सेल्फ मारा

(दृश्य : बेळगाव, उद्यमबाग. गॅरेजचं शटर वर जातं.)

ही १९७५ ची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांच्या कंपनीच्या कुर्ला कारखान्यातली. मूळची फियाट ११०० डिलाइट. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. शेजारची स्विफ्ट अगदी अलीकडची. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, स्विफ्टचं ११९७. ताकद मात्र पद्मिनीची चाळीसेक अश्वशक्ती, स्विफ्टची ऐंशीच्या वर, तीही एक सिलिंडर कमी असून.

(दृश्य : मिस्त्रींचे हात, जवळून.)

पावसाळी, दमट सकाळ. पद्मिनीचा सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाही. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची टोपी निघते. आतले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, काळे पडलेत. पॉलिश पेपरची घडी मधे घालून दोनदा ओढली, फिलर गेजच्या पातळ पट्टीने फट बघितली. मग पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर. त्यातलं पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं जेट काढायचं, फुंकायचं, उजेडाला धरायचं. भोक आरपार दिसलं की झालं. हवा कमी करणारा चोक अर्धा ओढून पुन्हा सेल्फ. चालू!

(दृश्य : लेथ, लोखंडाचा कीस.)

आणि सांध्यातला बुश, म्हणजे आतली नळी, झिजला तर? बेळगाव फाउंड्र्यांचं, लेथचं गाव. जुना बुश नमुन्याला द्यायचा, नवा उतरवून घ्यायचा. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली, तरी ही गाडी सुट्या भागांवाचून अडलेली नाही, ती या लेथमुळे.

(दृश्य : स्विफ्ट, स्कॅनर.)

इथे पॉइंट नाहीत, कार्बोरेटर नाही. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सेन्सर बघून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की पडद्यावर कोड उमटतो. मिस्त्री पाना खाली ठेवतात. (हा शॉट आम्ही मुद्दामच लांबवलाय.) कोड दोष कुठल्या भागात आहे एवढंच सांगतो, वायर तुटली की सेन्सर गेला, हे शेवटी माणसालाच तपासावं लागतं.

स्विफ्टला सहा एअरबॅग आणि ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस, पद्मिनीला नुसते ड्रम ब्रेक. धुराचं तर विचारूच नका.

(दृश्य : खानापूर रोड.)

पद्मिनीच्या गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. पुढची सीट अखंड, तिघं आरामात. कडेची तिकोनी काच जरा फिरवली की वारा थेट तोंडावर. एसीची आठवण कुणाला येते?

पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला न्यायची. रोज वापरायची नाही. मालकांना तर बाजारालाही हीच लागते. त्यामुळे दर पाच वर्षांनी नोंदणीचं साधं नूतनीकरणच चाललंय.