क्लोज नसलेला मटका

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय : ऑनलाइन जुगार, बंदी की नियमन? तिकडे जाण्याआधी दहा मिनिटं आपण लालबागला जाऊन येऊ. दुसऱ्या रांगेतले दोन-तीन चेहरे लगेच खुलले. ओळखलं मी तुम्हाला.

मटका म्हणजे आकड्यांवरचा जुगार, मुळात कापसाचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होणारे भाव तारेनं मुंबईला यायचे, त्यांवर पैजा लागायच्या. 1961 च्या सुमारास ते बंद झालं. आता मुंबईकर स्वस्थ बसणार का? मडक्यात चिठ्ठ्या टाकल्या! पुढं मडकं गेलं, पत्ते आले, नाव तेवढं राहिलं. 1962 मध्ये कल्याणजी भगतांचा मटका, दोनेक वर्षांनी रतन खत्रींचा. तीन पत्ते काढायचे, बेरजेतला शेवटचा आकडा धरायचा. दुर्री, पंजी, नव्वी म्हणजे सोळा, ओपन छक्का. रात्री नऊला पहिला आकडा, तो ओपन; बाराला दुसरा, तो क्लोज. आकडे दहा आणि लागला तर रुपयाला नऊ रुपये. दहावा रुपया जातो कुठं, हे आमच्या मामाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मामा गिरणीत साचेखात्यात होता. त्याला स्वप्नातून आकडे यायचे. साप दिसला की सत्ता, लग्न दिसलं की दुर्री. एकदा स्वप्नात साहेब आला, तर त्यानं काहीच लावलं नाही. म्हणाला, याच्या नावानं काय लागणार! आकडा घ्यायचा कोपऱ्यावरचा पानवाला. पगाराच्या दिवशी मामानं त्याच्यापुढं चाळीस रुपये ठेवले. मी शेजारी, वय वर्षं दहा, तोंडात बडीशेप. पानवाल्यानं त्यातले पाच उचलले. उरलेले पस्तीस कागदात गुंडाळून माझ्या चड्डीच्या खिशात कोंबले आणि म्हणाला, ''मामीला दे. मधे कुठं थांबू नको.'' मामा चिडला, शिव्या घातल्या. पानवाला शांतपणे चुना लावत होता.

त्याला पुळका आलेला नव्हता, बरं का. आदल्या महिन्यात मामी टपरीवर येऊन गेली होती आणि काताचं भांडं रस्त्यावर गेलं होतं. शिवाय मामा एका दिवसात संपला, तर उद्या गिऱ्हाईक कोण? नियामक मंडळ, नियामक मंडळ म्हणतात ना, ते मी लहानपणीच पाहिलंय. नऊवारी नेसायचं.

आता कायदा. आपली न्यायालयं वर्षानुवर्षं एकच चाळणी वापरत आली : कौशल्य की नशीब? रमीत कौशल्य जास्त, असं सर्वोच्च न्यायालयानं 1967 मध्ये म्हटलं. घोड्यांच्या शर्यतींबद्दल 1996 मध्ये. सरकारांची तऱ्हा आणखी न्यारी. महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी 1969 पासून. कॅसिनोचा कायदा 1976 मध्ये केला, तो कधी लागूच केला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. शेजारी गोव्यात, मांडवीत, कॅसिनोची जहाजं दिवे लावून उभी! ऋग्वेदातलं सूक्त जुगाऱ्याला सांगतं, फासे सोड, शेती कर. आपल्याकडे 2025 च्या जुलैत सभागृहात कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसली. जाहिरात बंद करत होतो, असं ते म्हणाले. मग खातं बदललं. मिळालं कोणतं? क्रीडा! हसा, हसा, मी काहीच म्हटलेलं नाही.

ही चिठ्ठी आली. मामाच्या काळात चिठ्ठीत आकडा आला की आनंद व्हायचा. हिच्यात लिहिलंय 'पाच मिनिटं'. म्हणजे मुख्य विषय आता पळत पळत.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा आला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, मग कौशल्य असो की नशीब. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. चाळणी फेकली, ते उत्तम झालं. खेळणाऱ्याला सोडलं, तेही. पण त्याआधी दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती, याच खेळात भरलेल्या पैशांवर 28 टक्के जीएसटी लावला होता. काल भागीदार, आज फौजदार! आणि बंदीनं अ‍ॅप जातं, लिंक राहते. परदेशातल्या सर्व्हरवर आपला हवालदार पोचणार कसा?

माझं म्हणणं एवढंच, की मोजायचा तो वेग. मामाला दिवसात दोनदाच हरता यायचं. मोबाइलला क्लोज नाही. रात्री दोनला तो वर बोनस देतो. पस्तीस रुपये घरी धाडणं दूरच. ब्रिटननं 2020 मध्ये जुगारासाठी क्रेडिट कार्ड बंद केलं, 2021 मध्ये ऑनलाइन स्लॉटचा, म्हणजे पैसे लावून चित्रं फिरवायच्या खेळाचा, एक फेरा अडीच सेकंदांच्या आत होऊ द्यायचा नाही असं ठरवलं, 2025 मध्ये फेऱ्यामागं पाच पौंडांची मर्यादा घातली. अडीच सेकंदही थोडेच, पण मोजताहेत तरी. कौटिल्यानं अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष, म्हणजे जुगारावरचा अधिकारी, सांगितला होता. ठरल्या जागीच खेळायचं, फासे अध्यक्षाचे, जिंकलेल्यावर शेकडा पाच सरकारचे. म्हणून मी नियमनाच्या बाजूचा : उधारीवर खेळ नाही, महिन्याची मर्यादा आधी ठरवायची, जाहिरात अजिबात नाही, रात्री बाराला क्लोज. यात कर कमी मिळेल. मिळू दे.

आयोजक शाल घेऊन उभे राहिलेत. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. फक्त आजचा ओपन विचारू नका. मामा पंचवीस वर्षं खेळला, त्याचा आकडा लागलेला मला चारदाच आठवतो. त्यातल्या एका वेळचे पैसे मामीनं पानवाल्याला काताच्या भांड्याचे म्हणून भरून दिले.