सिंगापूर ते न्यूयॉर्क: जातानाही पूर्वेला, येतानाही पूर्वेला

[दृश्य: चांगी विमानतळ. धावपट्टीवर विमान वेग घेतंय.]

सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून निघालेलं हे विमान वाटेत कुठेही न थांबता न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावर उतरणार आहे. जगातल्या सर्वांत लांबच्या नियमित प्रवासी उड्डाणांपैकी हे एक.

सिंगापूर १०४ अंश पूर्व रेखांशावर, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम. म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरं जवळजवळ एकमेकांच्या पाठीमागे. त्यामुळे त्यांच्यातली सर्वांत जवळची वाट सरळ उत्तरेकडे, ध्रुवाच्या अगदी जवळून जाते. अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर.

आता साधा हिशोब करू. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला, तर सतरा तास लागायला हवेत. वेळापत्रक मात्र साडेअठरा तासांहून जास्त सांगतं. यातला थोडा वेळ जमिनीवरच जातो, कारण वेळापत्रकातली वेळ विमान आपली जागा सोडतं तिथपासून मोजली जाते. पण खरं कारण वर आहे, आकाशात.

[दृश्य: फिरता पृथ्वीगोल. त्यावर वाऱ्याचे पट्टे.]

साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. असा वारा पाठीशी मिळणार असेल, तर हजारभर किलोमीटरचा वळसाही परवडतो. म्हणून न्यूयॉर्कला जाताना विमान बहुतेकदा प्रशांत महासागरावरून जातं. आणि परतताना? तेव्हाही अनेकदा पूर्वेलाच निघतं, अटलांटिक ओलांडून. जाणं-येणं मिळून पृथ्वीप्रदक्षिणाच होते! मला या मार्गाची सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

अर्थात, वारा रोज सारखा नसतो. प्रत्येक उड्डाणाआधी हवामानाचे अंदाज पाहून मार्ग नव्याने आखला जातो, त्यामुळे कालची वाट आज असेलच असं नाही.

एवढं लांब उडण्यासाठी विमानही तसंच लागतं. २००४ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कला थेट सेवा सुरू केली, ती चार इंजिनांच्या एअरबस ए३४०-५०० वर. इंधनाचा खर्च जड झाला आणि २०१३ मध्ये ती थांबली. २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, ती दोनच इंजिनांच्या ए३५०-९०० यूएलआर (अल्ट्रा लाँग रेंज, म्हणजे अतिलांब पल्ल्याचं) या विमानामुळे. त्याच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावतं. केनेडी विमानतळाची सेवा २०२० पासूनची.

[दृश्य: दोन घड्याळं, दोन शहरांची.]

हिवाळ्यात सिंगापूरचं घड्याळ न्यूयॉर्कच्या तेरा तास पुढे असतं. समजा, सिंगापूरहून सोमवारी दुपारी बाराला निघालात आणि प्रवासाला साडेअठरा तास लागले. न्यूयॉर्कला पोहोचाल तेव्हा तिथे सोमवारचेच संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. उलट, न्यूयॉर्कहून सोमवारी रात्री दहाला निघालात, तर सिंगापूरला उतरताना बुधवारची पहाट झालेली असेल.