लॅपटॉप काढून टाकण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. तेव्हापासून धडधाकट लॅपटॉपही ‘आता हा काढूनच टाका’ म्हणत मोडीत निघू लागलेत. मला याचं फार वाईट वाटतं.

सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही. थांबतात ती सुरक्षेची अपडेट. नवी फट सापडली की चोर आत शिरू शकतो, आणि ती बुजवायला कुणी येत नाही. त्यामुळे अशा लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार नकोतच. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत ठेवलेली आहे; सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर नोंदणी होते.

आता विंडोज ११ चालेल का, ते बघू. सेटिंग्ज, सिस्टिम, मग अबाउट उघडा आणि प्रोसेसरची ओळ वाचा. ‘आय फाइव्ह’, आडवी रेघ, पुढे ‘७२०० यू’ असेल तर रेघेनंतरचा सात म्हणजे इंटेलची सातवी पिढी. काही अपवाद सोडले तर विंडोज ११ ला आठवी किंवा पुढची पिढी लागते. ‘८२५० यू’ असेल तर बहुतेक जमतं. दहावीपासून पुढे पहिले दोन आकडे वाचायचे.

गोम अशी, की आपण वर्षं मोजतो बिलाच्या तारखेपासून. सातवी पिढी आली २०१६ ला. तोच लॅपटॉप २०१८ ला नवाकोरा घेणाऱ्याची दोन वर्षं आधीच गेलेली होती. कॉलेजच्या मुलांसाठी ऑफिसातून निघालेले लॅपटॉप घेताना तर हे हमखास घडतं. रॅम किती, एसएसडी आहे का, हे सगळे विचारतात. पालकांनो, पिढी आधी विचारा! क्रोमबुक, म्हणजे गुगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप, घेत असाल तर त्याच्या अपडेटची शेवटची तारीख सेटिंग्जमध्येच दिसते.

विंडोज ११ चालत नसेल तरी विंडोजच्या जागी बसवता येणारं लिनक्स मिंट आहे, तेही फुकट. पेन ड्राइव्हवरून सुरू करून वायफाय, आवाज, प्रिंटर आधी तपासता येतं. आतलं काही पुसलं जात नाही. इंटरनेट, मराठी टायपिंग, ऑनलाइन वर्ग यांना ते पुरेसं आहे. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी मात्र विंडोजच ठेवावं, टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. आणि फोटो, कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ती उघडतात याची खात्री झाल्याशिवाय ‘इन्स्टॉल’ दाबू नका.

नमस्कार.